नवा पोर्टेबल जनरेटर: खोके उघडण्यापासून घरात वीज येईपर्यंत

नव्या जनरेटरचे खोके वीज चालू असताना, दिवसाउजेडी आणि हाताशी दोन-तीन तास मोकळे असताना उघडावे. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, घरच्यांच्या घाईत माहितीपुस्तिका पहिल्यांदा चाळणारा माणूस यंत्र ‘तात्पुरते’ म्हणून दारातच ठेवतो आणि त्याची वायर जिथे बसेल तिथे खोचतो. नेमक्या याच दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. एरवी जनरेटर हे बऱ्यापैकी सोशिक यंत्र आहे. चोक (थंड इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप) चुकला तर ते सुरू होत नाही, भार जास्त झाला तर ब्रेकर उडतो, तेल कमी पडले तर बहुतेक नवी इंजिने आपोआप थांबतात. धूर आणि वायर मात्र चूक पोटात घालत नाहीत, म्हणून पुढे त्या दोहोंविषयी जरा विस्ताराने लिहिले आहे. हे विवेचन घरगुती वापराच्या, साधारण १ ते ५ किलोवॉट क्षमतेच्या, दोरी ओढून किंवा बटण दाबून सुरू होणाऱ्या पेट्रोल जनरेटरपुरते आहे.

भाराचा हिशेब

यंत्र घरी आले असले तरी ते काय काय चालवू शकेल याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. जनरेटरच्या पाटीवर सहसा दोन आकडे असतात: एक कमाल क्षमतेचा आणि दुसरा सततच्या क्षमतेचा. जाहिरातीत आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात पहिला आकडा असतो. आपल्या उपयोगाचा दुसरा. कमाल क्षमता ही काही क्षणांपुरती असते, एखादी मोटर सुरू होताना लागणारा झटका सोसता यावा एवढ्यासाठी. क्षमता केव्हीएमध्ये दिली असेल तर पॉवर फॅक्टरही (केव्हीएतला प्रत्यक्ष वापरता येणारा हिस्सा) पाहावा, २.५ केव्हीएच्या यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर त्यातून प्रत्यक्षात २ किलोवॉटच मिळतात.

आता उपकरणांची यादी करावी. सहा एलईडी दिवे ५४ वॉट, तीन साधे पंखे सुमारे २२५ वॉट, टीव्ही १०० वॉट, वायफाय राउटर १५ वॉट आणि फ्रिज चालू स्थितीत साधारण १५० वॉट, अशी बेरीज केली तर ती ५५० वॉटच्या आसपास येते. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या तीन-चारपट, कधी त्याहूनही जास्त शक्ती ओढतो, म्हणून हाच भार क्षणभर १००० वॉटपर्यंत जातो असे धरावे. एवढ्यासाठी सतत १५०० वॉट देणारे यंत्र आरामात पुरते. यात १ अश्वशक्तीचा पाण्याचा पंप घातला की चित्र बदलते: तो चालताना सुमारे १००० वॉट घेतो आणि सुरू होताना ३००० वॉटच्या घरात जातो. मात्र रोज वीस मिनिटे चालणाऱ्या पंपासाठी दुप्पट मोठे, दुप्पट जड आणि जास्त पेट्रोल पिणारे यंत्र घ्यावे, हे मला पटत नाही. यंत्राची कमाल क्षमता पंपाचा झटका सोसण्याएवढी असेल तर पंपाच्या वेळी बाकी सगळे बंद ठेवावे, आणि तेवढी क्षमता नसेल तर वीज असतानाच टाकी भरून ठेवण्याची सवय लावावी. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, हीटर ही उष्णता निर्माण करणारी उपकरणे यादीतून सरळ काढून टाकावीत. त्यातले एकेक उपकरणच १००० ते २००० वॉट खाते.

सततच्या क्षमतेच्या ५० ते ७५ टक्के भारावर यंत्र उत्तम चालते. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद घटते. दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ३.५ टक्के घट धरली तर १५०० मीटर उंचीवर क्षमतेचा जवळजवळ सहावा हिस्सा गेलेला असतो.

जनरेटर कुठे ठेवावा

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास नीट चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर कारण हेच आहे असे समजावे, सर्वांना बाहेर काढावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. यंत्र बंद करायला आत धावू नये.

म्हणून जनरेटर फक्त उघड्यावर, घराच्या भिंतीपासून किमान ६ मीटर दूर, आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. खिडक्या, दारे, झरोके आणि एसीची बाहेरची हवा ओढणारी तोंडे कुठे आहेत हे चारही बाजूंनी फिरून पाहावे. शेजाऱ्याची खिडकीही या हिशेबात धरावी. बाल्कनी, जिना, पोर्च, तळघरातले पार्किंग, पत्र्याची शेड, अर्धे शटर उघडे ठेवलेले गॅरेज यांपैकी कुठलीही जागा चालत नाही. दार उघडे आहे, पंखा लावला आहे, खिडकीतून वारा येतो आहे, यातल्या कशानेही धोका टळत नाही. ज्यांच्याकडे अशी मोकळी जागाच नाही, म्हणजे बहुतेक सदनिकाधारक, त्यांनी पेट्रोल जनरेटरचा विचार सोडून द्यावा आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर किंवा पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारा मोठा बॅटरीसंच) घ्यावे. सल्ला कडू आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

जागा निवडल्यावरही झोपण्याच्या खोल्यांजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवावाच. काही नव्या जनरेटरमध्ये हा वायू वाढताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. तो असणे चांगलेच, पण तो यंत्राभोवतीची हवा मोजतो, तुमच्या खोलीतली नव्हे, त्यामुळे अंतर कमी करण्याची मुभा त्याने मिळत नाही. अनेक जण यंत्र दाराशी ओढून आणतात ते चोरीच्या भीतीने. त्यावर उपाय जाड साखळी आणि कुलूप हा आहे. खांबाला किंवा जमिनीत गाडलेल्या कडीला यंत्र बांधावे.

जमीन सपाट आणि कोरडी असावी. यंत्र तिरके असेल तर तेलाची पातळी चुकीची दिसते आणि तेलाचा सेन्सर विनाकारण इंजिन बंद पाडतो. पावसात उघड्यावर यंत्र चालवू नये. चालवावे लागेल असे वाटत असेल तर जनरेटरसाठीच बनवलेले, चारही बाजूंनी हवा खेळणारे छत आधीच घेऊन ठेवावे. ऐनवेळी गुंडाळलेल्या ताडपत्रीने यंत्र तापते आणि आगही लागू शकते. यंत्राभोवती सगळीकडून किमान एक मीटर जागा मोकळी असावी, आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हात पोहोचेल अशा पण यंत्राला न चिकटलेल्या जागी असावे.

तेल आणि पेट्रोल

बहुतेक नवे जनरेटर इंजिन ऑइलशिवाय पाठवले जातात. दुकानातल्या विक्रेत्याने ‘सगळे तयार आहे’ असे सांगितले तरी झाकण उघडून स्वतः पाहावे. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल, बहुतेक वेळा एसएई १०डब्ल्यू-३०, लहान नरसाळ्याने थोडे थोडे ओतावे. इंजिनाच्या आकारानुसार ०.४ ते १.१ लिटर तेल लागते. डिपस्टिक (तेल मोजण्याची खुणांची पट्टी) पुसून, पुन्हा घालून पातळी पाहावी. काही यंत्रांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, तेवढे पुस्तिकेत तपासावे. तेल वरच्या खुणेपर्यंत हवे. त्यापेक्षा जास्त झाले तर धूर येतो आणि एअर फिल्टर तेलाने भिजतो, तेव्हा जास्त घालून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

पेट्रोल ताजे असावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते आणि साठून राहिले की पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होतात. तेच कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत जाऊन बसते. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. आपल्या यंत्राची मर्यादा आणि पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलातले प्रमाण यांचा मेळ बसतो का, हे विकत घेण्याआधीच पाहिलेले बरे. टू-स्ट्रोक इंजिनासारखे पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नाही. घरगुती जनरेटर जवळजवळ सगळे फोर-स्ट्रोक असतात.

टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड असले पाहिजे. चालत्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या यंत्रात पेट्रोल ओतताना चार थेंब जरी तापलेल्या सायलेन्सरवर सांडले तरी भडका उडतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग घर अंधारात राहिले तरी चालेल. टाकी काठोकाठ भरू नये, पेट्रोल प्रसरण पावते. साठवणीचे पेट्रोल त्यासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, राहत्या खोल्यांपासून दूर, गॅसची शेगडी किंवा देवघरातला दिवा यांच्या जवळपासही येणार नाही अशा जागी ठेवावे. किती साठा करता येतो यावर स्थानिक नियमांची मर्यादा असते, ती पाळावी. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवणे हा तर शुद्ध अविचार आहे.

पहिल्यांदा सुरू करताना

पहिली सुरुवात कुठलेही उपकरण न जोडता करावी. पेट्रोलचा कॉक उघडावा, थंड इंजिनासाठी चोक बंद स्थितीत आणावा, इंजिनचा स्विच चालू करावा. दोरी आधी हळू ओढावी. दाब लागतो आहे असे जाणवले की दोरी परत जाऊ द्यावी आणि मग एकदम, सरळ रेषेत, जोराने ओढावी. दोरी हातातून सटकू देऊ नये, ती आवरत आवरत आत जाऊ द्यावी, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते. नव्या कोऱ्या यंत्रात पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी जास्त वेळा ओढावे लागले तर घाबरू नये. इंजिन सुरू झाले की अर्ध्या-एक मिनिटात चोक हळूहळू उघडावा. चोक बंदच राहिला तर काळा धूर येतो, इंजिन अडखळते आणि स्पार्क प्लग काजळतो.

दोन-तीन मिनिटे इंजिन गरम होऊ द्यावे. साध्या जनरेटरचे इंजिन ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास स्थिर फिरते, भार असो वा नसो. म्हणूनच ते रिकामे असतानाही तेवढाच आवाज करते. इन्व्हर्टर जनरेटर मात्र भारानुसार वेग कमी-जास्त करतो आणि वीज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुन्हा घडवून देतो, त्यामुळे तो शांत असतो आणि संगणकासारख्या नाजूक उपकरणांना त्याची वीज जास्त मानवते.

मग भार जोडावा, तोही एकेक करून: आधी फ्रिजसारखे मोटर असलेले मोठे उपकरण, ते स्थिरावले की पुढचे, शेवटी दिवे आणि चार्जर. पहिल्या काही तासांत यंत्रावर पूर्ण भार टाकू नये. पहिले तेल साधारण २० तासांनी किंवा महिन्याभरात बदलावे, कारण नव्या इंजिनातला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो.

घराशी जोडणी

उपकरणे जोडण्याचे दोनच रास्त मार्ग आहेत. पहिला, सगळ्यात सोपा: जनरेटरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन वायर घरात आणून उपकरणे थेट तिला जोडणे. यासाठी तीन तारांची, बाहेर वापरण्याजोगी, जाड वायर घ्यावी. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरची २० मीटर लांबी असेल तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यात १० अँपिअरला सुमारे ३ व्होल्ट कमी पोहोचतात. १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ही घट ७ व्होल्टच्या वर जाते आणि वायर तापते ती वेगळीच. वायरचे वेटोळे पूर्ण सोडवावे, कारण गुंडाळलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकता येत नाही. दाराच्या फटीत वायर चेमटू देऊ नये आणि ती साचलेल्या पाण्यातून नेऊ नये. ज्या फटीतून वायर आत येते ती कापडाने बुजवावी, तिथूनच धूरही आत येऊ शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे घराच्या वायरिंगलाच जनरेटर जोडणे, आणि ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मीटरकडून येणारी लाइन आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवला जातो. तो एका वेळी एकच बाजू जोडतो. दोन्ही बाजू एकत्र लागणे यांत्रिकदृष्ट्याच अशक्य असते, आणि सगळी सुरक्षितता त्यातच आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा स्विच मागावा. अर्थिंग कसे करायचे, जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला आहे की मोकळा आहे आणि त्यामुळे घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) काम करील की नाही, हे प्रश्न वायरमनला आवर्जून विचारावेत; उत्तर यंत्रागणिक बदलते.

दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर बनवून तिचे एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचण्याची ‘युक्ती’ अनेकांना कोणीतरी सांगितलेली असते. तिच्यात तीन मरणे दडलेली आहेत. पहिले, एक टोक निसटले की उघड्या पिनांमध्ये २३० व्होल्ट असतात. दुसरे, मेन स्विच बंद करायला विसरले तर ही वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टपर्यंत चढवतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याचा जीव जातो. तिसरे, याच अवस्थेत वीज परत आली तर दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात आणि जनरेटर जळतो, कधी वायरिंगही पेट घेते. ‘मी मेन स्विच नक्की बंद करतो’ हे उत्तर पुरेसे नाही. एखाद्या रात्री तो स्विच घरातला दुसराच कोणी चालू करतो.

घरात आधीपासून बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर एक अडचण ठरलेली आहे: साध्या जनरेटरची वीज थोडी वरखाली होत असल्याने काही इन्व्हर्टर ती स्वीकारतच नाहीत. त्यांच्या पाठीमागे मोड बदलण्याचा स्विच असतो; यूपीएस मोडऐवजी नॉर्मल मोड ठेवला की व्होल्टेजची जास्त मोठी मर्यादा चालते. बॅटरी चार्ज होतानाचा भारही हिशेबात धरावा. ही जोडी जमली तर फार उपयोगी पडते: जनरेटर दिवसा काही तास चालवून बॅटरी भरावी आणि रात्र शांततेत इन्व्हर्टरवर काढावी.

चालू असताना, आणि नंतर

जनरेटर सलग चालवण्याची गरज फार कमी वेळा असते. न उघडलेल्या फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो आणि भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत तग धरतो, तेव्हा यंत्र दोन तास चालवून काही तास बंद ठेवले तरी निभते आणि पेट्रोल निम्म्याहून कमी लागते. इंधन भरण्याच्या प्रत्येक वेळी तेलाची पातळी पाहावी. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. इंजिन आचके देत बंद पडते तेव्हा व्होल्टेज वरखाली होते आणि त्याचा फटका उपकरणांना बसतो.

बंद करताना उलटा क्रम: आधी एकेक उपकरण काढावे, मग दोन-तीन मिनिटे इंजिन रिकामे चालवावे, मग स्विच बंद करावा आणि शेवटी पेट्रोलचा कॉक. लहान मुलांना यंत्र थंड होईपर्यंत जवळ येऊ देऊ नये, सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो.

पहिल्या बदलानंतर तेल दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे, फोमचा एअर फिल्टर ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, आणि चाललेले तास एका वहीत टिपावेत. महिन्यातून एकदा यंत्र वीस मिनिटे चालवावे, तेही थोडा भार लावून. दोन-तीन महिने वापर होणार नसेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोलही काढून टाकावे. हे काम आळसाने टाळले जाते आणि दुरुस्तीला येणारी अनेक यंत्रे याच एका कारणाने येतात. ठेवण्यापूर्वी दोरी हळू ओढून दाब लागेल तिथे थांबावे. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आत ओलावा शिरत नाही.

एखाद्या वेळी यंत्र सुरू झाले नाही तर घाईने दोरी ओढत राहण्याआधी क्रमाने पाहावे: तेल पुरेसे आहे का आणि यंत्र सपाट आहे का, कॉक उघडा आहे का, पेट्रोल जुने तर नाही, चोक योग्य स्थितीत आहे का. त्यानंतर स्पार्क प्लग काढून बघावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पुसून वाळवावा आणि चोक उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. काजळला असेल तर साफ करावा, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी. इंजिन चालते पण वीज येत नाही, अशा वेळी आधी यंत्रावरचा ब्रेकर बघावा, सगळी उपकरणे काढून तो पुन्हा लावावा आणि एकाच दिव्याने तपासावे. दिवा लागला तर दोष एखाद्या उपकरणात किंवा वायरमध्ये आहे आणि एकेक जोडत गेल्यावर तो सापडतो. नाही लागला तर यंत्र उघडण्याच्या भानगडीत न पडता मेकॅनिककडे न्यावे, कारण आतला कपॅसिटर इंजिन बंद असतानाही झटका देऊ शकतो.